डाव्या हाताचा हँडबॉल

परवा साताऱ्यात नातीबरोबर गच्चीवर चेंडू खेळत होते. माझी फेक बघून ती म्हणाली, आजी तू डावरी आहेस? मी जेवते उजव्या हातानं, लिहिते उजव्या हातानं... चेंडू तेवढा डाव्या हातानं जातो.

त्याचं कारण आमचे जाधव सर.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. कडेगावजवळच्या हायस्कुलात मी नववीला होते. सर नुकतेच फौजेतून खेळाचे शिक्षक म्हणून आलेले, तिथं पलटणीच्या टीममधून हँडबॉल खेळायचे. आमच्याकडं हा खेळ कुणी बघितलासुद्धा नव्हता. सरांनी खो-खोच्या बारा पोरी गोळा केल्या आणि टीम उभी केली.

पहिल्या दिवशी त्यांनी डाव्या हातानं चेंडू फेकून दाखवला. आम्हाला वाटलं, हा खेळच डाव्या हाताचा! मग काय, बाराच्या बारा जणी डाव्या हातानं सुरू. चेंडू गोलात कमी आणि शेजारच्या उसात जास्त... तो शोधताना पाती लागून हातपाय चरचरायचे.

सर बघायचे, काहीतरी बोलायला तोंड उघडायचे आणि गप्प व्हायचे. आम्हाला वाटायचं, आमच्यावर वैतागलेत.

पहिली मॅच सांगलीला. हाफटाइमला आम्ही सहा-शून्यनं मागे. समोरच्या पोरी आमच्या फेकी बघून तोंडावर हात ठेवून हसत होत्या. मी तर रडायलाच लागले.

सर येऊन आमच्यासमोर उकिडवे बसले. आमच्याबरोबर आलेले हेडमास्तर मागंच उभे होते, त्यांना सगळं ऐकू जाणार हे सरांना दिसत होतं... तरी बोलले.

"पोरींनो, चूक माझी हाय. ह्यो खेळ उजव्या हातानंबी खेळत्यात. माझा उजवा खांदा फौजेत निकामी झाला, म्हणून मी डाव्यानं दाखवत हुतो."

आणि त्यांनी उजवा हात उचलून दाखवला. छातीच्या वर जाईना.

आम्ही सगळ्यांनी हेडमास्तरांकडं बघितलं. सरांची नोकरी टेम्पररी होती, कायम व्हायला तब्येतीचा दाखला लागणार होता, हे अख्ख्या शाळेला माहीत होतं. म्हणूनच बिचारे गप्प राहिले होते... उजव्यानं टाका म्हणाले असते, तर कुणीतरी दाखवा की सर म्हटलंच असतं.

दुसऱ्या हाफमध्ये आमचे उजवे हात सुटले. डाव्याचीही एव्हाना सवय झालेली, त्यामुळं चेंडू कुठल्या हातातून येणार हे त्यांच्या गोलकीपरला कळेना. सात गोल मारले आम्ही! मॅच मात्र दोन गोलांनी हरलो.

परतीच्या एसटीत सर खिडकीबाहेर बघत बसलेले, आणि आम्हाला एकच धास्ती... आता सर जाणार. विट्याला गाडी थांबली तसे हेडमास्तर उठले आणि सरांच्या शेजारी येऊन बसले. कडक माणूस, त्यांना हसताना आम्ही कधी बघितलं नव्हतं. तेव्हाही हसले नाहीत.

"जाधव, एक हात गेला म्हणून काय झालं? चोवीस हायत की तुमच्याकडं. दाखल्याला मी येतो संगं, डॉक्टरशी मी बोलतो."

सर बराच वेळ रुमालानं तोंड पुसत राहिले. आम्ही मागं बसून खुशाल रडून घेतलं.

सर कायम झाले आणि रिटायर होईपर्यंत त्याच शाळेत राहिले. त्यानंतर त्यांनी स्वतः कधी चेंडू फेकून दाखवला नाही. एखादीला पुढं बोलवायचे आणि तिचाच हात धरून शिकवायचे. त्यांच्या कितीतरी मुली पुढं राज्याच्या टीममधून खेळल्या. माझा त्यात नंबर लागला नाही, पण सरांची पहिली टीम आमची, हा तोरा आजही आहे.

मी गणिताची शिक्षिका झाले. फळ्यावर माझंच गणित चुकलं, तर आधी वर्गाला सांगायचे आणि मगच पुसायचे. पहिल्यांदा तर हात डस्टरकडं गेला होता, तो मागं घेऊन सांगितलं... आणि माझी तर नोकरीही कायम होती. सरांना त्या दिवशी किती जड गेलं असेल, ते मला तेव्हा कळलं.