उलट्या कागदावरचा बॉयलर

पलसाण्याच्या साइटवर पोचलो तर बॉयलरचा खड्डा भलत्याच बाजूला! मी दाखवला होता मागे, खाडीकडे. खणला होता पुढे, हायवेकडे. काँक्रीटचा मिक्सर सुरू झालेला, पायाभरणीच्या मुहूर्तासाठी भटजी पाटावर बसलेले.

"बंद करा तो मिक्सर!" मी ओरडलो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. सुरतेत मी इमारतींची ड्रॉइंग करायचो. हे काम कापड रंगवायच्या डाइंग मिलचं. हल्ली जो तो कसली ना कसली 'ब्लूप्रिंट' काढत असतो. शब्द मूळचा आमच्या धंद्यातला. पूर्वी ड्रॉइंगची नक्कल काढताना रसायन लावलेला कागद निळा व्हायचा, रेषा पांढऱ्या राहायच्या. म्हणून निळी प्रत. बांधायच्या आधी ती हातात असावी लागायची, त्यावरून कुठल्याही आगाऊ आखणीला तेच नाव पडलं. आमच्या वेळी कागद पांढरा, रेषा निळ्या आणि अमोनियाच्या वासाने डोळ्यांत पाणी. नाव मात्र जुनंच.

मुकादम सुकलाल धुळ्याकडचा. स्वतःच्या नावावर घेतलेलं त्याचं हे पहिलंच काम. मिलचे शेठ त्याच्यावर उखडले, "इसको आज ही निकालो!"

सुकलालचा चेहरा पार उतरला. "साहेब, कागदमा व्हतं तसंच आखं ना मी!"

मी प्रिंट बघितली आणि कपाळावर हात मारला. इंग्रजी अक्षरं आरशात दिसतात तशी उलटी! प्रिंटवाल्याने मूळ ड्रॉइंगचा पारदर्शक ट्रेसिंग कागद यंत्रात पालथा घातला होता. डावं ते उजवं झालेलं; कागदावर डावीकडे काढलेली मिलची मागची बाजू उजवीकडे, पुढच्या बाजूच्या जागी गेलेली. इंग्रजी न येणाऱ्या सुकलालला ते कळणार कसं?

"शेठ, ही माझ्याकडे तपासायला का नाही आली?"

घाई शेठचीच, ड्रायव्हर पाठवून प्रिंट दुकानातून थेट साइटवर मागवलेली.

"बॉयलरची मंजुरी मागच्या बाजूची आहे. इथे बसवलात तर इन्स्पेक्टर पास करणार नाही."

"लेकिन मुहूर्त?"

"मुहूर्त आत्ताच करू. मधल्या खांबाच्या खड्ड्यात."

धोतराची घडी उलटी घातली तरी मधली घडी मधेच राहते. तो एक खांब दोन्ही कागदांवर जागच्या जागी होता. "आणि पहिलं घमेलं सुकलाल टाकेल," मी बजावलं. शेठनी मान हलवली. सुकलालने घमेलं उचललं तेव्हा, खरं सांगतो, मला भरून आलं.

बाकीचे खड्डे बुजवून नव्याने आखले. शेठच्या पुढच्या शेडलाही मुकादम सुकलालच होता.

तेव्हापासून माझ्या प्रत्येक ड्रॉइंगच्या कोपऱ्यात मी ठळक 'श्री' काढतो. लोकांना मी फार देवभोळा वाटतो. वाटू दे! 'श्री' उलटा दिसला की सुकलाल कुदळ खाली ठेवतो.