हलिमाचा लाल मेहर

कमरुद्दीन बावर्ची दुबईत एका गोऱ्या साहेबाकडे अकरा वर्षं रांधत होता, आणि अकरा वर्षं घरी पाठवून उरेल त्यातून एकाच गोष्टीसाठी पैसे मागे टाकत होता. बायकोचा, हलिमाचा मेहर. निकाहात कबूल केलेले सव्वापाचशे रुपये. आमच्याकडे ते हयातीत देतो कोण? नवरा गेला की बायका विधवेला मयतापाशी नेतात, ती रडत रडत ‘माफ केला’ म्हणते, आणि विषय संपतो. कमरुद्दीनला ती माफी नको होती. माणूस महाहट्टी.

एकोणीसशे पासष्टच्या सुट्टीत गावी हर्णैला जाऊन त्याने नोटा हलिमाच्या ओंजळीत ठेवल्या. भारत सरकारने खास आखातासाठी छापलेल्या, लाल.

“ह्या तर इथे चालत नाहीत,” हलिमा म्हणाली.

“दुबईला जाणाऱ्या कुणाकडेही दे, बदलून आणील. माझ्या हाताने कमावलेल्याच नोटा तुझ्या हातात द्यायच्या होत्या.”

ती हसली आणि तिने त्या पेटीत ठेवून दिल्या.

पुढच्याच जूनमध्ये जेवता जेवता साहेब म्हणाला, “कमरुद्दीन, इंडिया का रुपया गिर गया. तुम्हारा गल्फ नोट खलास. जल्दी बदल लो.” थोडेच दिवस दुबईत जुन्या नोटांवर सौदी रियाल मिळणार होते. त्यानंतर तो नुसता कागद.

दुसरा कुणी असता तर त्याच पावली तार करायला धावला असता. ह्याला वाटलं, एकदा दिलेला मेहर परत मागायचा कुठल्या तोंडाने? चार दिवस ह्याने भाजी करपवली, साहेबाची बोलणी खाल्ली, पण तार काही केली नाही. शेवटी खोलीतला याकूब वैतागला. “अरे, तू मागतोयस कुठे? बदलून परत देणार ना? यल्ला, ऊठ.”

पाचव्या दिवशी ‘नोटा पाठव’ अशी तार गेली. पावसाळ्यामुळे हर्णैच्या बोटी बंद. हलिमाचा भाऊ अलीमियाँ नोटा कमरेला बांधून एसटीने मुंबईला पोचला, तर दुबईची आगबोट आदल्याच दिवशी सुटलेली. पुढची यायच्या आत दुबईत मुदत संपली. ते चार दिवस कमरुद्दीनला आयुष्यभर पुरले.

पुन्हा साठवायचे म्हटले तर वय सत्तावन्न, आणि साहेब डिसेंबरात विलायतेला परत जाणार.

सप्टेंबरात हलिमाचं पत्र आलं, गावच्या मास्तरांकडून लिहून घेतलेलं. ‘नोटा अलीमियाँने सुखरूप परत आणल्या. तुम्ही जिवाला लावून घेऊ नका. आम्हाला काही कमी नाही. मी मेहर माफ केला.’

पत्र वाचलं तेव्हा कमरुद्दीन चुलीपाशी उभा होता, हातात पळी, धडधाकट जिवंत. साहेबाच्या जेवणाची वेळ झाली होती. तो तिथेच खाली बसला आणि धाय मोकलून रडला.