भागीरथीकाकूंचा व्हाळ

काकू गेल्याचं कार्ड माझ्या हाती पडलं तेव्हा त्यांचं तेरावंसुद्धा उरकलं होतं. त्यांच्या पुतण्याच्या, शांतारामच्या हातचं कार्ड, चारच ओळी. वाचून डोळ्यांत पाणी यायला हवं होतं. मी मात्र कार्ड उलटून पोस्टाचा शिक्का बघितला. शांतारामनं ते मुद्दाम उशिरा टाकलं असेल का, मी दिवसकार्याला पोचू नये अशी काकूंचीच इच्छा असेल का, हे आधी मनात आलं. वाईट वाटायला संध्याकाळ व्हावी लागली... माणूस गेल्याच्या बातमीतही आधी शंका यावी, ही सवय मला काकूंच्या सहवासात लागली. त्यांच्या शंकेखोरपणात मात्र माझा वाटा मोठा होता. या गोष्टीला आता सव्वा महिना झाला. इतकी वर्षं जे बोललो नाही ते आज लिहितो आहे.

आमचं गाव बोर्ली पंचतनपासून दोन-अडीच मैलांवर, डोंगराच्या कुशीत. डोंगरातून उतरणारा एक व्हाळ गावाच्या कडेनं वाहत भातखाचरांकडे जातो. एरवी पाऊस सरला की असे ओहोळ आटतात, पण आमच्या व्हाळाला वर झरा असल्यामुळे होळीपर्यंत आणि पुढेही त्यात धार असायची. पिण्याचं पाणी सगळं गाव तिथूनच भरायचं. व्हाळाच्या काठचं शेवटचं घर भागीरथीकाकूंचं. नात्यानं त्या माझ्या कुणी नव्हत्या. आमचं घर शेजारी, म्हणून काकू. नवरा मुंबईला बोटीवर खलाशी, वर्षातून एकदा यायचा. स्वातंत्र्य मिळालं त्या पावसाळ्यात त्यांची सहा वर्षांची यमू हगवणीनं दोन दिवसांत गेली. बोर्लीच्या डॉक्टरांनी फक्त एवढंच विचारलं, "पाणी कुठलं पिता?" काकू घरी न थांबता व्हाळाच्या काठाकाठानं वर चढत गेल्या. वरच्या अंगाला एकानं नवा गोठा बांधायला काढला होता. जागा सपाट करताना त्यानं व्हाळाचा काठ फोडला होता आणि जुन्या उकिरड्याचं सगळं धुवण पाण्यात उतरत होतं. लोक म्हणाले, देवानं नेली. त्या दिवसापासून मात्र त्यांनी पाण्यावर आणि माणसांवर विश्वास ठेवणं सोडलं. लोणच्याच्या काचेच्या बरणीत पाणी भरायचं, ती उन्हात ठेवायची, तळाशी गाळ किती बसतो ते बघायचं आणि मगच हंडा बुडवायचा. बायका हसायच्या. पुढे नवराही गेला. तरी हा नेम चुकला नाही.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. मुंबईतल्या एका शेठनं आमच्या व्हाळावरचा उतार विकत घेतला. मुंबईत नोकरी करणाऱ्या लोकांना हवापालटासाठी पाच घरं बांधून द्यायची, असा बेत होता. मी तेव्हा पंचविशीचा, मुंबईत एका कंत्राटदाराकडे हाताखाली काम शिकलेला. गावचा मुलगा म्हणून शेठनं देखरेखीला मलाच नेमलं. पांढरी टोपी घालून, हातात टेप घेऊन मी माझ्याच गावात साहेब म्हणून उतरलो. दिवाळी सरताच पायाचं खोदकाम सुरू झालं. निघालेली माती टाकायला सगळ्यात जवळची जागा म्हणजे व्हाळाचा काठ. तिथं तांबड्या मातीचे ढीग उभे राहिले. आठव्या दिवशी काकू वर आल्या, ढिगाभोवती एक फेरी मारली आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"येशवंता, ही माती पावसात कुठं जायाची?"

"कुठं नाही, काकू. पावसाआधी खाली दगडी बांध घालणार आहे."

"कोण घालणार?"

"मी."

त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. बाजारात मासळी घेताना बाई कल्ला उचलून बघते तसं ते होतं. दुसऱ्या दिवसापासून त्या रोज सकाळी येऊन जांभ्या दगडाच्या एका चिऱ्यावर बसू लागल्या. मजूर त्यांना इन्स्पेक्टरीणबाई म्हणायचे. कामावर माझ्यासाठी चहा व्हायचा, त्यांना कधी विचारला तर "नको" म्हणायच्या. गावातलंच कुणीतरी माझी नोकरी घालवायला यांना पुढे करतंय, असं मला वाटायला लागलं. शांताराम, सरपंच, माझा चुलतभाऊ, एकेकाला मी मनात धरून बघितलं. काकू स्वतःच्याच बुद्धीनं येत असतील, हे काही केल्या मनाला पटेना.

खाडीच्या शिंपल्यांचा भाजलेला चुना आम्ही वापरत होतो. तो भिजवायला व्हाळापासून वीस पावलांवर एक कुंडी बांधली होती. भिजवलेल्या चुन्याचा एक घाणा संपला की तळाचं पांढरं पाणी काढून टाकून नवा चुना भरावा लागे. ते पाणी उपसून लांब न्यायचं म्हणजे दोन माणसांचा अर्धा दिवस. शेठची पत्रावर पत्रं येत होती, काम मागं पडलं होतं. होळीच्या सुमारास मी रामजी गवंड्याला सांगितलं, "फोड तोंड, जाऊ दे खाली." पाणी व्हाळात गेलं. दुसऱ्या दिवशी खालच्या डोहात मासे पोट वर करून तरंगत होते. काकूंनी ते टोपलीत भरून आणले आणि कुंडीशेजारच्या माझ्या झावळ्यांच्या खोपटापुढे ओतले. सगळं गाव जमा झालं. सरपंचांनी विचारलं, "काय रे, हे कशानं?"

मी म्हणालो, "कातकऱ्यांनी डोहात झाडाची साल कुटून टाकली असेल. मासे मारायला टाकतातच ते."

हे वाक्य मी विचार करून बोललो नव्हतो. तोंडातून निघून गेलं... आणि निघाल्यावर ते किती चटकन खरं मानलं गेलं, हे बघून मीच चरकलो. कुणी पुरावा मागितला नाही. त्याच दिवशी कातकरवाडीच्या आठ-दहा घरांना व्हाळावर पाऊल टाकायची बंदी झाली. तीही माणसं तेच पाणी पीत होती. आता त्यांना पलीकडच्या दरीत उतरून डबक्यातलं आणावं लागलं. पंधरा दिवसांत सोमी नावाची त्यांच्यातली एक बाई हंडा घेऊन चढताना घसरली आणि तिचा घोटा मोडला. मला हे कामावर कळलं. मी टेप गुंडाळून ठेवला, परत उलगडला, आणि खिडकीचं माप घेत राहिलो.

काकूंनी काय केलं ते मला पुष्कळ नंतर कळलं. त्या एकट्या कातकरवाडीवर गेल्या, सोमीच्या झोपडीसमोर बसल्या आणि साल कशी कुटतात, कधी टाकतात, मासा त्यानं मरतो की नुसता गुंगतो, सगळं विचारून आल्या. गावानं ठरवलेली गोष्ट जाऊन विचारणाऱ्या त्या एकट्या. मग त्यांनी जुन्या धोतराच्या चिंध्या हळदीत रंगवल्या आणि वाट बघत बसल्या. कामावर येणं त्यांनी बंद केलं. मला हायसं वाटलं. आणि तिथंच मी फसलो.

दुसरा घाणा संपला. या वेळी मी शहाणपणा केला. रामजीला म्हणालो, "दुपारी माणसं जेवायला गेली की थोडं थोडं सोड. बायका नसतात तेव्हा." त्यानं सोडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी देवळापुढच्या पारावर मला बोलावणं आलं. काकूंनी पारावर एक सुंभाची दोरी पसरली होती. तिला ओळीनं चिंध्या बांधलेल्या. सरपंच, गावची माणसं, मागे बायका उभ्या होत्या. काकूंनी बोट ठेवत सांगितलं, "या दोन कामाच्या वर व्हाळात बांधल्या व्हत्या. पिवळ्याच हायत. या तीन कामाच्या खाली." त्या तीन लालभडक झाल्या होत्या. हळदीला चुना लागला की काय होतं, हे कपाळाला कुंकू लावणाऱ्या बायकांना सांगायची गरज नव्हती. मागून एकदम कुजबूज उठली. काकू माझ्याकडे वळल्या. "कातकऱ्याकडं चुन्याची भट्टी हाय काय रं, येशवंता?"

सगळे माझ्याकडे बघत होते. त्या क्षणी खरं सांगितलं असतं तर चार शिव्या खाऊन मोकळा झालो असतो. मी म्हणालो, "गवंड्यानं सोडलं असेल. मला ठाऊक नव्हतं." रामजी गर्दीत उभा होता. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. पुढचा आठवडा संपायच्या आत तो काम सोडून आपल्या गावी गेला. मी त्याला थांबवलं नाही.

कातकऱ्यांवरची बंदी उठली. काकूंनी मग मला मोकळं सोडलंच नाही. चुन्याची कुंडी उताराच्या पार दुसऱ्या अंगाला न्यायला लावली. मातीचे ढीग काठावरून मागे ओढून घेतले, खाली दगडी बांध, बांधामागे गाळ बसायला खड्डा, उघड्या उतारावर माडाच्या झावळ्या आणि त्यांच्या फटींतून वाळ्याची रोपं. शेठच्या नकाशात संडासांचे खड्डे व्हाळाच्या बाजूला होते; सरपंचांना बरोबर घेऊन त्यांनी ते व्हाळापासून लांब, घरांच्या पाठीमागे हलवायला लावले. शेठ मुंबईहून आला, चिडला. त्याला त्या म्हणाल्या, "तुमी चार दिस ऱ्हानार. आमी जल्मभर पिनार." पावसाळ्यात खड्डा तीनदा गाळानं भरला, तीनदा उपसला. खाली पाणी येत होतं ते थोडं गढूळ, पण ते डोंगराचंच. काकू बरणी उन्हात धरून उभ्या असायच्या. एकदा मी धीर करून विचारलं, "आता झालं ना समाधान, काकू?" त्या म्हणाल्या, "काम ब्येस केलंस. तुझा भरवसा न्हाय."

पुढे मी मुंबईला परतलो आणि याच धंद्यात राहिलो. आज माझ्या हाताखालची माणसं म्हणतात, साहेब जागेवर गेले की आधी पाणी कुठून कुठं उतरतं ते बघतात. लोक त्याला माझा चांगुलपणा समजतात. खरं म्हणजे मला पाठीमागे कुणीतरी चिऱ्यावर बसलंय असं सारखं वाटतं.

गेल्या वर्षी गावी गेलो होतो, तीच शेवटची भेट. काकू पडवीत बसल्या होत्या, दृष्टी अधू झालेली. मी पायाशी बसलो आणि इतक्या वर्षांनी बोललो. रामजीनं नाही, मीच सोडायला सांगितलं होतं, दोन्ही वेळा. आणि साल कुटल्याचं मी रचून सांगितलं होतं... त्यांनी माझ्या आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं. मग म्हणाल्या, "मला ठाव हाय. कुंडी फोडाय सांगताना तुला बघितलावता मी. पयल्याच येळी."

मी विचारलं, "मग त्या दिवशीच का नाही सांगितलंत?"

"बाईमानसानं बघितलं म्हनून कोन मानतंय? म्हनून हळद केली." पुढे म्हणाल्या, "आनि तू कंदी सांगतोस, ते बघत व्हते. पर मला सांगून काय उपेग? सोमीला सांगितलंस?"

मी म्हणालो, जातो. त्या खेपेला गेलो नाही. बोटीची वेळ झाली होती, असं मी स्वतःला सांगितलं.

कार्ड आल्यावर मात्र गेलो. आधी कातकरवाडीवर. सोमी आता म्हातारी झाली आहे, तो पाय अजून ओढते. दारात शिंदीच्या झाडूची काडी काडी बांधत बसली होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तिनं हात थांबवला नाही. म्हणाली, "आमाला तवाच ठाव व्हतं, दादा. आमी मासं कसं मारतो, ते आमाला ठाव न्हाय व्हय? काकू तेवढी इचाराय आली." मी आणखी थोडा वेळ उभा राहिलो. तिनं बस म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही.

तिथून काकूंच्या घरी उतरलो. शांताराम शेतावर होता. त्याची बायको सुमती म्हणाली, "आत या, चहा टाकते." त्या घरात लहानपणापासून वावरलो, पण पडवीच्या पलीकडे स्वयंपाकघरात मी कधी गेलो नव्हतो. आत अंधार. चुलीच्या समोरच्या भिंतीत, बसल्या माणसाच्या डोळ्याइतक्या उंचीवर, एक चिरा काढून केलेला हातभर झरोका होता. त्यातून उजेडाची पट्टी चुलीवर पडली होती. सुमतीनं सांगितलं, "तुमचं बांधकाम चालू व्हतं ना, त्या साली काकूंनी हा चिरा काढवला. आनि चूलसुदिक फिरवून घेतली. आधी तोंड उगवतीला व्हतं. सगळी म्हनत व्हती, असं करू नये. पर त्यांनी आयकलं न्हाय."

मी काकूंच्या पाटावर बसलो आणि बाहेर बघितलं. वाटलं होतं, व्हाळ दिसेल. व्हाळ दिसत नव्हता. ती पाच घरंही दिसत नव्हती. चिरा इतका नेमका काढला होता की उताराचा एवढासा तुकडा त्यात बसत होता, जिथं एकेकाळी चुन्याची कुंडी होती आणि तिच्या शेजारी माझं खोपट. आता तिथं वाळ्याचं गवत कमरेइतकं वाढलं आहे. सुमतीनं चहा पुढे केला. मी तो हातात घेऊन तसाच बसून राहिलो, त्या गवताकडे बघत. दहा-बारा वर्षं ती बाई रोज भाकरी थापताना इथं बसत होती, आणि भाकरी उलटताना दर वेळी मान वर करत होती.