उजव्या गादीतल्या कॅप्सूल

फरशीवाल्यांचं सगळं आयुष्य गुडघ्यांवर गेलं. लोक देवापुढे, फार तर बायकोपुढे गुडघे टेकतात. यांनी ते परक्यांच्या स्वयंपाकघरांत आणि न्हाणीघरांत टेकले. फरशी बसवून झाली की ते खिशातली गोटी काढून मधोमध ठेवत. गोटी जागची हलत नसे. मग घरमालकाकडे असं बघत, की जणू गोटीलाही त्यांनीच शिस्त लावलीय.

पण उजवा गुडघा शिस्तीबाहेर गेला. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरून झीज दाखवली. व्यायाम सांगितला, वजन उतरवा म्हणाले आणि जमिनीवरचं काम सोडा म्हणाले. हे शेवटचं वाक्य फरशीवाले दवाखान्यातच विसरून आले.

लेक मात्र विसरली नाही. ती त्यांच्याच हाताखाली तयार झालेली. भिंतीच्या टाइल ती लावायची, जमीन बाबांची.

"बाबा, आता अदलाबदल करू. तुम्ही उभ्याने भिंती लावा."

"भिंतीवर चालतं कोण? पाली! माणसाचं काम पायाखाली दिसतं."

तेवढ्यात शेजारच्या सुताराने हळदीच्या कॅप्सूलचा डबा आणून दिला. "माझा मेहुणा आता जिना धावत चढतो!"

"आधी कधी धावायचे का ते?" लेकीने विचारलं. सुताराला एकदम घरचं काम आठवलं.

लेकीने डबा डॉक्टरांना दाखवायला लावला. "काहींना थोडा आराम पडतो, सगळ्यांना नाही," डॉक्टर म्हणाले. "रक्त पातळ करायची गोळी चालू नाही ना? मग घेऊन बघा. पण डब्यावर लिहिल्यात तेवढ्याच. आणि व्यायाम चुकवू नका."

बापलेकीत करार झाला. हातातलं घर पुरं होईपर्यंत गुडघा सुधारला तर जमीन बाबांची, नाहीतर लेकीची.

"पण पी हळद आणि हो गोरी, असं चालणार नाही हं," ती म्हणाली.

दोन-चार दिवसांतच फरशीवाले अर्ध्या हळकुंडाने पिवळे झाले. "लोण्यासारखा वळतोय गुडघा!" असं म्हणत ते दाराची चौकट धरून उठत.

कॅप्सूल जेवणानंतर घ्यायच्या. शर्टाच्या खिशातून त्या वाकताना पडत, पॅंटच्या खिशात सिमेंट. म्हणून त्यांनी गुडघ्यांना बांधायच्या गाद्यांच्या आतच त्या खोचल्या, दोन्हीकडे सारख्या. औषधाला दुखण्यापर्यंत लांब जायला नको, हाही हिशेब होताच.

शेवटच्या दिवशी दिवाणखान्यात फरश्यांमधल्या फटींत पांढरं सिमेंट भरायचं होतं. फरशीवाले मागे सरकत सांधे भरत होते. लेक पाणी घेऊन आली आणि दारातच थबकली. पांढऱ्याशुभ्र ओल्या सिमेंटवर लाल डाग, एकामागे एक, थेट बाबांपर्यंत.

"अहो बाबा, रक्त! उठा, उठा आधी!"

ते कण्हत उठले. डावी गादी सोडली, तर गुडघा पिवळाधमक. घामाने आणि वजनाने कॅप्सूल फुटून कापडातून खालच्या सांध्यांत झिरपल्या होत्या.

"अगं, हळद ती! चुना लागला की लाल होते, सिमेंटमध्येही तेच." फरशीवाले पोट धरून हसले. लेकही हसली. हसता हसता थांबली.

"दोन्हीकडे ठेवल्या होत्या ना?"

"हो. उगाच भेदभाव कशाला?"

"मग डाग एकाच बाजूला कसे?"

तिने उजवी गादी स्वतः सोडली. आतल्या कॅप्सूल जशाच्या तशा होत्या, कोरड्या, चकचकीत. त्यांच्यावर कुणी टेकलंच नव्हतं.

फरशीवाल्यांनी थापीवरचं सिमेंट उगाच खरवडलं. "त्याला जरा विश्रांती दिली होती."

"कधीपासून?"

"डबा यायच्या आधीपासून," ते हळूच म्हणाले. "म्हटलं, गुण येईपर्यंत डाव्यावर भागवू."

लेकीने बादली पालथी करून त्यांना बसवलं आणि लाल झालेले सांधे कोरून पुन्हा भरायला घेतले. फरशीवाले बादलीवरून हुकूम सोडत राहिले: "तिथे दाब... अगं, कोपरा राहिला!" कोपरा राहिला नव्हता.

झाल्यावर तिने त्यांच्यापुढे हात केला. त्यांनी गोटी दिली. तिने ती मधोमध ठेवली. हलली नाही.

"पण भिंतीवर गोटी कशी गं ठेवायची?" फरशीवाल्यांनी विचारलं.

लेकीने पिशवीतून भिंत सरळ आहे का बघायचा आपला ओळंबा काढला, दोरी नीट गुंडाळली आणि त्यांच्या हातात दिला.