लवंगीचा डावा डोळा

सुलेखाच्या बापाचा, सखारामचा, टांगा होता. स्टेशन ते शहागंज. टांगेवाल्याच्या हातातला चाबूक लोकांना दाखवायला असतो. घोडं हाकायचं ते तोंडानं. सखाराम दिवसभर बोलायचा. घोड्याला "बेटा" म्हणायचा आन् घरी आला की बायकापोरांशी धड एक शब्द नाय. रिक्षा वाढल्या, टांगा मोडीत गेला, म्हातारा बी गेला. जाताना पोरीच्या गळ्यात घोड्यांचं वेड बांधून गेला, आन् घोड्याशी सारखं बोलत राहायची खोड. "घोडं डोळ्यानं भितं आन् कानानं धीर धरतं," असं तो म्हणायचा.

सुलेखा आता चाळिशीला टेकली. चितेगावच्या अलीकडं, पैठण रोडला लागून शिवराजची जमीन हाय. बापजाद्यांची ज्वारी काढून त्यानं तिथं घोडेस्वारीची शाळा घातली. सुलेखा तिथं लीद उचलायला लागली, मग खरारा करायला, मग घोडी फिरवायला. आता शहरातल्या डॉक्टर-वकिलांची पोरं तिला मॅडम म्हणतात. नवरा राजकुमार वाळूजला कंपनीत. तो म्हणतो, "माझ्याशी वर्षात बोलत नाय तेवढं त्या घोडीशी एका दिवसात बोलतीस."

"ती मधीच मोबाइल बघत नाय," सुलेखा म्हणते.

ती घोडी म्हणजे लवंगी. तांबूस अंगाची, काळ्या आयाळीची, चणीनं बारकी, पण डोक्यानं तिखट. सुलेखाशिवाय कुणाला लगाम नीट लावू द्यायची नाय.

पोळ्याच्या सुमाराची गोष्ट. लवंगी पाणी प्यायला निघाली आन् डाव्या अंगानं हौदाला धडकली. सुलेखानं तिच्या डाव्या डोळ्यापुढं हात नेला. पापणी हलली नाय. उन्हात तोंड फिरवून बघितलं तर बुबुळावर दुधाची साय धरल्यागत पांढरं. सुलेखानं आजूबाजूला नजर टाकली. कुणी नव्हतं. तिनं तोंड शिवून घेतलं.

त्याला कारण होतं. गेल्या साली एक घोडा पायानं अधू झाला. दुसऱ्या दिवशी टेम्पो आला, घोडा चढला आन् गेला. कुठं गेला ते कुणी विचारलं नाय, कारण समद्यांना ठाऊक होतं. शिवराज माणूस वाईट नाय, पण त्याचं एक ठरलेलं: बसून खाणारा पाव्हणा आन् बसून खाणारं जनावर दारात ठेवू नये. डोळ्याची गोष्ट फुटली की लवंगी गेली, एवढं सुलेखाला पक्कं कळत होतं.

मग तिनं घोडीला एक डोळा कमी पडतोय तो तोंडानं भरून काढला. वळण आलं की "वळ गं," खांब आला की "हाय, मी हाय." शिकाऊ पोरं पाठीवर असली की सुलेखा डाव्या बाजूनं चालायची आन् बडबडत राहायची. पोरांना वाटायचं, मॅडम आपल्याशीच बोलतात. आपण बाजूला असल्यावर कुणाला काय व्हायचंय, असं ती मनाला सांगायची. मन ऐकायचं, निदान दिवसा.

जानेवारीत ड्रेसाजचा शो घ्यायचं शिवराजनं दिवाळीतच ठरवलं. ड्रेसाज म्हणजे शर्यत नव्हं. फळ्या मांडून आखलेल्या चौकोनात घोडा कसा वागतो त्याचा कस. इथून चाल, तिथून दुडकी, मग गोल फेरी, मधोमध थांबून सलाम. बघणाऱ्याला वाटावं, घोडं आपल्या मनानंच करतंय. आन् नियम असा, की स्वारानं तोंडातून शब्द काढायचा नाय. काढला की गुण कापले.

शिवराजनं सुलेखाचं आन् लवंगीचं नाव घातलं होतं, आन् ती त्या नियमापाशी अडली. नाव मागं घेतलं तर शिवराज विचारणार, का? तिनं वाट काढली. शब्द नको, तर नाकातल्या नाकात गुणगुणायचं, भुंग्यावाणी. ते घोडीच्या कानाला कळंल, परीक्षकाला नाय. दोन महिने तिनं लवंगीला त्याचीच सवय लावली.

शोच्या सकाळी घोडी अशी चालली की मंडपातली बोलणी थांबली. डावी फळी आली की सुलेखाच्या छातीत घुमायचं आन् लवंगी बरोबर आत वळायची. सलाम ठोकला तवा पुण्याहून आलेले परीक्षक, निवृत्त फौजी माणूस, हसून मान हलवत होते. पहिला नंबर. शिवराजनं सगळ्यांदेखत घोडीच्या मानेवर थाप मारली. सुलेखाला हसू काय आलं नाय. जवळ येणाऱ्या दर माणसाकडं ती घोडीची उजवी बाजू फिरवत राहिली.

दुपारी लहान पोरांची फेरी. सुलेखाची चांगली शिष्या श्रेया, नववीतली, एका डॉक्टरची पोरगी. तिच्या घोड्याचा नाल ऐन वेळी निखळला.

शिवराज म्हणाला, "त्यात काय? लवंगी दे तिला."

"दादा, घोडी दमलीय."

"दमली? आत्ता तर नवरीवाणी मिरवत व्हती."

"दुसरं एखादं देऊ की."

"पहिल्या नंबरची घोडी बाजूला बांधून लेकराला खेचर देऊ व्हय?" शिवराज डॉक्टरांकडं बघून हसला. "बसव तिला."

सुलेखानं श्रेयाला बाजूला घेतलं. "हे बघ, वर बसल्यावर नाकातल्या नाकात गुणगुणत राहा. थांबू नको."

"मॅडम, गुण कापतात त्याचे. तुम्हीच शिकवलंय ना, तोंड बंद?"

"मी सांगते ते कर."

"पण ते चीटिंग होतं," श्रेया म्हणाली आन् वर बसली.

वारं सुटलं होतं. मंडपाची कनात डावीकडून फडफडली. वरनं ना शब्द, ना गुणगुण; लवंगीला कायच कळंना. ती जागेवरच नाचली, एका खुर्चीला धडकली, खुर्ची आडवी झाली. श्रेया तोल सावरून लगाम खेचत होती, आन् लगाम खेचला तशी घोडी आणखी बिथरत होती. अजून चौकोनात जायचंच होतं.

सुलेखानं धावत जाऊन लगाम धरला. "उतर."

"का?"

"उतर म्हणते ना."

श्रेयाचे डोळे भरले. मंडपातून कुणीतरी म्हणालं, "चेली पुढं जाईल म्हणून मॅडमच्या पोटात दुखायलं." दोघं-चौघं हसले. डॉक्टर पुढं आले, शिवराज आला. "सुलेखा, काय लावलंय हे?"

सुलेखानं एकदा घोडीकडं बघितलं. मग म्हणाली, "दादा, घोडीला डाव्या डोळ्यानं दिसत नाय."

शिवराजनं हात उचलून लवंगीच्या डाव्या डोळ्यापुढं नेला, अगदी पापणीपाशी. पापणी हलली नाय; घोडी उजव्या डोळ्यानं कनातीकडंच बघत राहिली. डॉक्टरांनी पोरीला काखेत धरून खाली घेतलं आन् तिला गाडीकडं नेलं.

"कव्हापासून?" शिवराजनं विचारलं.

"पोळ्यापासून."

"पोळ्यापासून. आन् रोज लोकांची लेकरं बसवत व्हतीस."

मी बाजूनं चालत व्हते, हे सुलेखाच्या ओठावर आलं. चार महिने मनाला सांगितलेलं ते वाक्य तिला आता स्वतःच्याच कानाला खोटं वाटलं, म्हणून तिनं ते गिळलं.

संध्याकाळी मंडप उतरला. शिवराज पागेत आला. सुलेखा खोगीर उतरवून घोडीची पाठ पुसत होती. तो दारातच थांबला.

"डॉक्टर लई बोलला," तो म्हणाला. "बरोबरच बोलला. माझी शाळा हाय, सुलेखा."

"व्हय."

"तुला काढत नाय मी. पण उद्या येऊ नको. परवा ये."

उद्या काय हाय, ते सांगायची गरज नव्हती. सुलेखानं फडकं पिळलं, खुंटीला टाकलं.

"उद्या येते," ती म्हणाली. "टेम्पोच्या फळीवर ती दुसऱ्या कुणाच्या हातानं चढायची नाय. बिथरून पाय मोडून घेईल."

शिवराजनं तिच्याकडं बघितलं नाय. खाली लीदीकडं बघत म्हणाला, "मंग लवकर ये. ऊन व्हायच्या आत."