सगळ्यांचं वजन पन्नास

"तुमच्याकडचे लोक गोळी गिळतात, की कनवटीला लावून घरी नेतात?"

भरल्या मीटिंगमध्ये साहेबाने हे मला विचारलं. सगळ्यांनी दात काढले. मीही हसले. त्या हसण्याची मला अजून किळस येते.

मी औषध कंपनीत सीनिअर फार्माकोकायनेटिक मॉडेलर. म्हणजे गोळी पोटात गेली की औषध रक्तात किती चढतं, किती वेळ राहतं, त्याचं गणित मांडणारी बाई. कॉम्प्युटरवर. एसीत. आणि मी डोळखांबकडच्या पाड्यावरची. गावकुसाबाहेरची. आईबाप दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायचे. हे साहेबाला पक्कं माहीत होतं, म्हणून तर प्रश्न मला.

हिवतापाच्या नव्या औषधाची चाचणी होती. अकरा जणांच्या रक्तात औषध भलतंच चढलं होतं. साहेब म्हणाला, "फुकट म्हणून दोन-दोन खाल्ल्या असतील. नाहीतर ढोसून आले असतील. हे अकरा उडव आणि रिपोर्टवर सही कर."

मी फॉर्म काढले. त्यावर नावाची आद्याक्षरं आणि पाडा, एवढंच. अकराही आमच्या आणि आसपासच्या पाड्यांवरचे. आणि वजन? पन्नास किलो. अकराच्या अकरा जणांचं पन्नास! पन्नासच्या खालचा माणूस चाचणीत घ्यायचा नाही, असा नियम होता. अरे, आमच्या पाड्यावर पन्नास किलोची बाई दाखवा मला. मी गणित उलटं मांडलं. या रक्तात एवढं औषध एकाच गोळीने चढायचं, तर शरीर केवढं असेल? उत्तर आलं, पस्तीसच्या आसपास.

रविवारी वजनकाटा पिशवीत घालून पाड्यावर गेले. त्या अकरातली एक माझी चुलती निघाली.

"काकी, तिथं काट्यावर उभी केली का गो तुला?"

"नाय. काटा खोक्यातच होता. तो फारम भरणारा पोरगा बोलला, तुमचे पाय चिकलाचे, काटा खराब होल. मंग तोंडाकं बगून लिवलं." मग म्हणाली, "गोळी खाल्ली नं दोन दिस कानात नुसती घुंऽ. भाताच्या लावणीत पडलू मी."

"मग सांगितलं का नाय त्यांना?"

"कोण इचारतंय आमाला?"

मी तिला काट्यावर उभी केली. चौतीस. तळपायाची आग मस्तकात गेली. शहापूरच्या वसतिगृहात असताना तपासणीचा डॉक्टर आम्हा पोरींना हात न लावता 'ठीक' लिहायचा. पोर तापाने फणफणलेली असली तरी ठीक. तेव्हा मी गप्प होते. शिकून मोठी झाले, तरी गप्पच. लाज वाटली मला, साहेबापेक्षा स्वतःची जास्त.

संध्याकाळपर्यंत अकराही जणांची वजनं केली. एकही चाळिसाला टेकला नाही.

सोमवारी साहेबासमोर यादी ठेवली. म्हटलं, एवढी गोळी या अंगाला झेपत नाही. आणि हे औषध बाजारात आल्यावर अशाच अंगांना दिलं जाणार आहे.

तो गोड आवाजात म्हणाला, "तू मेरिटवर आलीस, असं मी सगळ्यांना सांगतो. मला खोटं पाडू नकोस."

चोर तो चोर, वर शिरजोर!

"मी सही करणार नाही," मी म्हटलं. यादी उचलली.

जागेवर आले आणि खरी वजनं घालून रिपोर्ट लिहिला. वजनाचा काटा खोक्यातून का निघाला नाही, तेही लिहिलं, काकीच्या शब्दांत. प्रत चाचणीवर लक्ष ठेवणाऱ्या नैतिकता समितीला पाठवली. महिनाभरात माझं काम काढून घेतलं. कँटीनमध्ये लोक टेबल बदलू लागले. बदला. माझा राजीनामा हवाय त्यांना, तो मी देणार नाही. हाकला मला, आणि का हाकलता ते कागदावर लिहून द्या. माझ्या माणसांच्या अंगाबद्दल जिथे खोटं लिहिलंय, तिथे माझी सही पडणार नाही. या कंपनीत नाही, दुसऱ्या नाही. आणि आता मी हसणारही नाही.