गडगडलं की विळा खाली

सोनईच्या आसपास कांदा काढायला टोळी हवी असली, की लोक मनकर्णाबाईच्या दारात जातात आणि माघारी तिची टिंगलही करतात. बाई कामाला वाघ, पण आभाळ गडगडलं की तिची पार गाळण उडते. टोळीतल्या बायकांना तिचा एकच नियम: पहिला गडगडाट ऐकला की विळे खाली ठेवायचे, आणि झाडाखाली न पळता थेट टेम्पोत शिरायचं. टेम्पो पत्र्याचा, चहूकडून बंद; वीज पडली तरी आतल्या माणसाला लागत नाही. शेतकरी कुरकुरायचे, "हिला कांद्यापेक्षा ढगच जास्त दिसत्यात." अहो, पण दुसऱ्या वर्षी पुन्हा तिलाच बोलवायचे! विजेची भीती वाटते हे ती स्वतःच सांगायची. त्यात लाजायचं काय?

यंदा मे महिन्यात सूर्यभानतात्यांच्या रानात काम चाललं होतं. वादळाचा, विजांचा इशारा मोबाईलवर सकाळीच आला होता. दुपार कलली तसं आभाळ काळंकुट्ट झालं आणि लांबवर गडगडलं. बायका विळे टाकून टेम्पोत शिरल्या. तात्यांनी मात्र कांद्याच्या ढिगावर प्लॅस्टिकचा कागद पसरला आणि तो उडू नये म्हणून सत्तरीतला हा म्हातारा स्वतःच वर चढून बसला. त्या सपाट रानात तेवढंच काय ते उंच.

"तात्या, चला," टेम्पोच्या दारातून मनकर्णा ओरडली.

"तू बस गं. वर्साचा कांदा हाय माझा."

वीज कडाडली. तात्यांना, कांद्याला आणि आपल्या नशिबाला शिव्या घालत मनकर्णा खाली उतरली, धावत गेली आणि ढिगावर त्यांच्या शेजारी बसली.

"हे काय गं?"

"तुमी उठत न्हाई, मग मी बी बसते."

"येडी हायेस का? वीज पडंल अंगावर."

"पडंल की."

बाई लटलट कापत होती, पण जागची हलत नव्हती. स्वतःच्या जिवाची फिकीर नसलेले तात्या तिच्यासाठी घाबरले. "ऊठ, ऊठ आदी," म्हणत त्यांनीच तिचा दंड धरला आणि दोघं टेम्पोकडं पळाली.

मागं वाऱ्यानं कागद उचलला, तो पार बांधापलीकडं नेला. पाऊस नुसता कोसळत होता. तात्या तोंड पाडून बसले. एकीनं त्यांना टॉवेल दिला, दुसरीनं डब्यातली चटणी-भाकरी पुढं केली, आणि बाहेर विजा चमकत असताना आत बायकांच्या गप्पा रंगल्या. मनकर्णाला फार बरं वाटत होतं. सगळी माणसं डोळ्यांसमोर होती.

तेवढ्यात तिचा मोबाईल वाजला. घरून तात्यांच्या बायकोचा, राहीबाईंचा फोन. तिनं तो तात्यांच्या हातात दिला.

"समदा कांदा भिजला गं," तात्या म्हणाले.

"मी कांद्याचं इचारलं का?" राहीबाई म्हणाल्या. "तुमी कुठं हाय?"

"टेम्पोत हाय," तात्या म्हणाले, आणि त्यांनी पुढ्यातल्या भाकरीचा तुकडा मोडला.